अर्धी मात्रा

वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला 'मात्रा' हा शब्द दिवसातून दहा वेळा भेटतो. अक्षराच्या डोक्यावर तिरपी बसते ती एक मात्रा. वृत्त ओळखताना बोटांवर मोजावी लागते ती दुसरी. आणि वैद्याच्या बटव्यातून निघून सहाणेवर मधात उगाळली जाते ती तिसरी. 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' असे आपण म्हणतो, त्यात ही तिसरीच असते. पहिल्या दोघींचे शास्त्र मी पगार घेऊन शिकवते. जुन्या वैयाकरणांना अर्ध्या मात्रेची बचत साधली तरी केवढे अप्रूप वाटे, हे वर्गात सांगितले की मुले हटकून हसतात. गेल्या आठ महिन्यांपासून मात्र आमच्या घरात अर्ध्या मात्रेवरून सकाळ-संध्याकाळ खल चालतो, आणि विषय व्याकरणाचा नसून बोक्याचा असतो.

वाचकांपैकी पुष्कळांना औसा ठाऊक असेल ते लातूरहून तुळजापूरला जाताना लागणारे गाव म्हणून, किंवा इथल्या भुईकोट किल्ल्यामुळे. त्या गावात आमचे जुने घर आहे आणि घरात दामाजी नावाचा नऊ वर्षांचा बोका आहे. ज्वारीच्या कोठीमागे सापडला म्हणून सासऱ्यांनी त्याचे हे नाव ठेवले. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली. आमच्या दाम्याने कोठीपाशी बसून ती उंदरांसाठी बंद केली, एवढाच काय तो फरक. पुढे त्याची नसबंदी झाली, उंदीर संपले, आणि वजन सहा किलोंच्या वर गेले. घर माळकरी. त्यामुळे दाम्याचा आहार म्हणजे सकाळी दूध-पोळी, दुपारी दूधभात, रात्री पुन्हा पोळी, आणि एकादशीला दह्यात कालवलेली भगर. तीही तो मुकाट्याने खाई.

माघात त्याचे पाणी वाढले. वाटी पुरेना म्हणून तो बादलीत तोंड घालू लागला, मग मोरीत गळणाऱ्या नळाखाली जाऊन बसू लागला. खाणे दुप्पट आणि अंग निम्मे, असा उलटा हिशेब सुरू झाला. चालही बदलली. मांजर चवड्यांवर चालते. हा मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकून, दमलेल्या म्हाताऱ्यासारखा चालू लागला. रक्तात साखर फार दिवस चढलेली राहिली की मांजराच्या मागच्या पायांच्या शिरा अशा दुबळ्या होतात, हे आम्हांला नंतर कळले. आम्ही नवरा-बायको 'वय झाले' एवढेच म्हणत राहिलो असतो. पण आमच्या आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची, नजर त्याच्या राखेच्या घमेल्याकडे गेली. घमेल्याच्या काठावर मुंग्यांची रांग लागली होती.

"सूनबाई, ह्याला बी साखर झाली म्हना की," त्या म्हणाल्या. आत्याबाई स्वतः चौदा वर्षे इन्सुलिन घेतात. या विषयात त्यांचा शब्द घरात अखेरचा.

ही तपासणी आत्याबाईंची नाही, फार जुनी आहे. ज्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात तो रोगी मधुमेहाचा, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी नोंदवून ठेवले आहे. इंग्लंडात मॅथ्यू डॉब्सनने मूत्रातली ही गोडी साखरेचीच आहे हे दाखवले ते १७७६ साली. 'मेह' हा शब्द 'मिह्' या धातूपासून आला. त्याचा अर्थ शिंपणे, ओलावणे. 'मेघ' हा शब्दही त्याच धातूचा. म्हणजे मेघ आणि मेह ही एका आईची लेकरे. मराठवाड्यात आम्ही वर्षानुवर्षे एकाची वाट पाहतो आणि दुसरा न बोलावता घरात येतो.

आता डॉक्टर कोणता गाठावा? आमचा मुलूख गुराढोरांचा. लातूर जिल्ह्याची देवणी आणि नांदेडकडची लाल कंधारी ही इथल्या पशुवैद्यांची खरी पेशंट मंडळी. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण औशाहून आधी लातूर आणि तिथून पुढे साठ-पासष्ट किलोमीटर. पिशवीतल्या बोक्याला घेऊन रोज जाण्याजोगे ते अंतर नव्हे. शेवटी लातूरला एक तरुण डॉक्टर मिळाले. मुंबईला परळच्या, १८८६ साली सुरू झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, आणि कुत्र्या-मांजरांची हौसेने चिकित्सा करणारे. त्यांनी रक्त पाहिले. साखर चारशेच्या वर. पण त्यांनी लगेच निदान सांगितले नाही. मांजर भ्यायले की नुसत्या भीतीनेच त्याची साखर तीनशेच्या पार जाऊ शकते, म्हणून त्यांनी लघवी तपासली, पंधरा दिवसांची हकीकत विचारली, आणि मग म्हणाले, "मधुमेहच आहे. पण याची मात्रा मी इथे बसून ठरवू शकत नाही. ती तुमच्या घरी ठरेल."

हे वाक्य मला प्रथम टाळाटाळीचे वाटले होते. त्याचा अर्थ असा की, दवाखान्यात घाबरलेल्या मांजराचा आकडा पाहून इन्सुलिन वाढवले तर घरी निवांत झोपलेल्या त्याच मांजराला ते जास्त होते. म्हणून आकडा घरातच काढायचा. कान ओल्या कोमट फडक्याने शेकायचा, कानाच्या कडेने जी बारीक शीर जाते तिच्यालगत टोचायचे, मुगाच्या दाण्याएवढाही नाही असा रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीला लावायचा. यंत्र आत्याबाईंचेच. माणसांचे यंत्र मांजराच्या रक्तातली साखर खऱ्याहून थोडी कमी दाखवते, हे ध्यानात ठेवावे लागते. पहिले दोन दिवस आमच्या हातांवर ओरखडे होते. तिसऱ्या दिवसापासून दाम्या कान पुढे करू लागला, कारण टोचल्यावर लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा मिळतो हे त्याला उमगले.

अंडे हा शब्द मी सहज लिहून गेले. आमच्या घरात तो सहज आला नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की पोळी, भात, भगर, दूध सगळे बंद. मांजर हा जातीचाच मांसाहारी प्राणी. त्याला पिठूळ अन्न पचते, पण त्याची गरज नसते. आणि लठ्ठ, नसबंदी झालेल्या, बसून खाणाऱ्या बोक्याला हा आजार जडण्याचा संभव सर्वांत जास्त. आहारातले पीठ काढले आणि इन्सुलिन लवकर सुरू केले तर काही मांजरांचे स्वादुपिंड पुन्हा काम करू लागते आणि सुई सुटतेही. माणसाला हे भाग्य इतक्या सहज लाभत नाही. पण त्यासाठी घरात कोंबडी आणि मासळी हवी.

तुळशीची माळ गळ्यात असलेल्या बाईसमोर हे कसे मांडावे, याची तालीम मी लातूर ते औसा अशी वीस किलोमीटर केली. आत्याबाईंनी ऐकून घेतले. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपला निकाल सांगितला : चूल वेगळी, भांडी वेगळी, मागच्या पडवीच्या अलीकडे काही येणार नाही, आणि शिजवणारा हात त्यांचा नसेल. "त्याला देवानंच तसं केलंय. त्याच्या जातीचं त्यानं खावं. आपल्यापायी त्यानं मरावं का?" पडवीत एक जुनी शेगडी निघाली. तेव्हापासून कॉलेजला जाण्यापूर्वी मी नळाखाली कोंबडी धुते. एम.ए.ला संतसाहित्य हा माझा विशेष विषय होता.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी, कारण आत्याबाईंना ती फार लागली. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडी ओळखणारा जिभेवरचा एक घटक मांजरकुळात मोडका आहे, त्याचा जनुक निकामी झालेला आहे, हे २००५ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढले. वाघसिंहांचेही तेच. "म्हंजे पेढ्याचं सुख न्हाई अन् साखर मात्र झाली," आत्याबाई हळहळल्या. त्यांना स्वतःला पेढ्याचे सुख चोरून का होईना मिळालेले आहे, हे त्यात अध्याहृत होते.

इन्सुलिनचा इतिहास तसा जनावरांचाच इतिहास आहे. १९२१ साली टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी ते काढले कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून आणि टोचून पाहिले कुत्र्यांनाच. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला ते पहिल्यांदा दिले गेले. पण द्यायचे किती? वजनावर ते मोजता येईना, कारण प्रत्येक घाण्याचा जोर निराळा. मग ससा मदतीला आला. उपाशी सशाची साखर झटके येण्याइतकी खाली नेणारी मात्रा म्हणजे एक एकक, असे ठरले. पुढे ते फार मोठे वाटून त्याचा तिसरा हिस्सा एक एकक मानला गेला. आज दवाखान्यात 'दहा युनिट' म्हणतात ते मूळचे असे सशाचे माप आहे. नंतर अनेक दशके गाई आणि डुकरे यांच्या स्वादुपिंडांतून जगाचे इन्सुलिन निघत असे. जिवाणूंकडून बनवलेले मानवी इन्सुलिन १९८२ साली बाजारात आले. यातली मौज अशी की, मांजराचे इन्सुलिन माणसापेक्षा गाईच्या इन्सुलिनला जवळचे आहे; साखळीतला एकच दुवा काय तो वेगळा. आमच्या दाम्याच्या रक्ताचे नाते, म्हणजे, आमच्यापेक्षा देवणी गाईशी अधिक. तरी त्याला मिळते ते माणसांसाठी बनवलेले, दिवसभर सावकाश उतरणारे इन्सुलिन. त्याचा जोर पहिल्या दिवशी पूर्ण दिसत नाही, तो चार-पाच दिवसांत बसतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

त्याआधी पिचकारीचे प्रकरण. एका घरात इन्सुलिनचे दोन पेशंट असले की काय धोका असतो, हे प्रत्येक गृहिणीने समजून घ्यावे असे मला वाटते, मग घरात मांजर असो वा नसो. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुतेक ४० ताकदीचे मिळते, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० एकके. त्याची पिचकारी लाल टोपणाची. पेनात घालायच्या कुपीतले मात्र १०० ताकदीचे असते, आणि त्या ताकदीची पिचकारी नारिंगी टोपणाची. आत्याबाईंचे औषध ४० चे, दाम्याचे १०० चे. नारिंगी टोपणाची आणि अर्ध्या एककाच्या रेघा असलेली बारीक पिचकारी मागायला मी एका औषधाच्या दुकानात गेले, तर दुकानदाराने लाल टोपणाची पुढे केली. "सगळ्या सारख्याच असतात, मॅडम." सारख्या नसतात. १०० ताकदीचे औषध लाल टोपणाच्या पिचकारीत एका रेघेपर्यंत भरले तर एक एकक नव्हे, अडीच एकके जातात. सत्तर किलोंचा माणूस हे निभावून नेईलही; पाच किलोंवर आलेल्या बोक्याची ती शेवटची संध्याकाळ ठरू शकते. मी पिचकारी परत केली आणि योग्य ती मिळवायला लातूरचा आणखी एक फेरा केला. आता आमच्या शीतकपाटात आत्याबाईंचा डबा वरच्या कप्प्यात लाल फडक्यात आणि दाम्याचा खालच्या कप्प्यात नारिंगी फडक्यात असतो. मोठ्या शहाण्या माणसांच्या घरी हे हास्यास्पद दिसेल, दिसो.

पिचकारी भरायला मला शिकवले ते डॉक्टरांनी नव्हे, माझ्या एका विद्यार्थिनीने. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि लहानपणापासून इन्सुलिनवर आहे. तिने दाखवले की सुईत अडकलेला हवेचा बुडबुडा केवढासा दिसतो, पण एका एककाची मात्रा घ्यायची असते तेव्हा तो निम्मी मात्रा खाऊन टाकतो. टिचकी मारायची, बुडबुडा वर आणायचा, बाहेर घालवायचा, पुन्हा मोजायचे. मग मानेमागची सैल कातडी तंबूसारखी उचलून सुई तिरपी. दाम्याला सुई लागल्याचे कळतही नाही. माझा हात कापत असे तो आठवडाभर.

आरंभ एका एककाने झाला, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, खाणे पोटात गेल्यावर. आठव्या दिवशी, रविवारी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही दर दोन तासांनी साखर पाहिली. आमचे 'हे' सहकारी बँकेत असल्याने त्यांनी चौकटीच्या कागदावर आलेख काढला. आकडे असे : सकाळी सातला ३८६, मग ३४१, २६२, १९८, दुपारी तीनला १८७, मग २६४, आणि संध्याकाळी सातला ३५२. ३८६ पाहून ह्यांनी कपाळाला हात लावला. "एवढ्यावर एक एकक म्हणजे वणव्यावर फुलपात्रभर पाणी!" डॉक्टरांनी फोनवर मात्र एकच आकडा विचारला : सर्वांत खाली किती? १८७. मग अर्धे एकक वाढवा आणि निदान आठवडाभर पुन्हा हात लावू नका.

मात्रा ठरवण्याचे सारे मर्म या प्रश्नात आहे, आणि ते आपल्या स्वभावाच्या उलट आहे. आपली नजर जाते ती सर्वांत मोठ्या आकड्यावर. ताप किती चढला, भाव कुठवर गेला, पहिला कोण आला. इन्सुलिनची मात्रा मात्र दिवसातल्या नीचांकावर ठरते. हा तळ ८० ते १५० च्या दरम्यान आला की मात्रा पुरी झाली. मग सकाळचा आकडा कितीही डोळे वटारून पाहो. आमचे असेच झाले. दीड एककावर तळ १५४ आला, म्हणून दोन एकके. दोनवर तळ ११८. पण सकाळचा आकडा अजून ३०१. ह्यांना राहवेना. अडीच का करू नये? डॉक्टरांनी आलेखाची रेघ समजावून दिली. मात्रा वाढवली की सगळी रेघ खाली सरकते, एकटा सकाळचा आकडा नाही. सकाळचे ३०१ उतरून २७० होतील आणि त्याच वेळी दुपारचे ११८ उतरून पन्नास. आणि दुपारी तुम्ही बँकेत असाल, बाई वर्गात असतील.

थांबण्याचे दुसरे कारण म्हणजे औषधाचा जोर बसायला लागणारे दिवस. सोमवारी वाढवले, मंगळवारी आकडा हलला नाही, बुधवारी पुन्हा वाढवले, असे केले तर शनिवारी तिन्ही दिवसांचा हिशेब एकदम समोर येतो. एक जुना समज असाही आहे की, फार इन्सुलिन झाल्याने साखर आधी कोसळते आणि मग शरीर घाबरून ती वर फेकते, म्हणून वाढलेला आकडा दिसतो. मांजरांत हे समजले जाई तितके वारंवार घडत नाही असे आताचे जाणकार म्हणतात. कारण काहीही असो, उपाय तोच. बसा. आठवडा जाऊ द्या. पाटीवर लिहिलेले पुसून पुसून लिहिणाऱ्या मुलाची पाटी काळी राहत नाही, पांढुरकी होते. अक्षर मात्र एकही दिसत नाही.

माणसाच्या बाबतीत एवढी ढिलाई डॉक्टर करू देणार नाहीत. माणसाचे मूत्रपिंड १८० च्या आसपास साखर बाहेर सोडू लागते, मांजराचे २५० च्याही पुढे. म्हणून बोक्याची साखर दिवसाचा बराच वेळ अडीचशेच्या आत राहिली की त्याचे पाणीपाणी थांबते. एप्रिलच्या मध्यावर आत्याबाईंनी घमेल्यापाशी वाकून पाहिले आणि जाहीर केले, "मुंग्या गेल्या." ह्यांच्या आलेखाला तोवर तसे काही सांगता आले नव्हते.

मेमध्ये औशाचा पारा चाळिशीच्या वर आणि वीज बेभरवशाची. इन्सुलिनला उन्हाळा सोसत नाही. दुपारी वीज गेली की दोन्ही डबे मातीच्या माठात. आतला माठ कोरडा, त्याच्याभोवती दुसरा, मधल्या जागेत ओली वाळू. पाणी झिरपून सुकते आणि आतली हवा थंड राहते. ही युक्ती इथल्या खेड्यांत शीतकपाट नसलेली माणसे आजही वापरतात.

प्राध्यापकांच्या खोलीत एकदा विषय निघाला. एक सहकारी म्हणाले, "मॅडम, इथे माणसांना इन्सुलिन परवडत नाही आणि तुम्ही बोक्याच्या कानाला पट्ट्या लावता." यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, आणि तो त्यांच्यापेक्षा माझ्या त्या विद्यार्थिनीला अधिक ठाऊक आहे. पट्ट्यांचा खर्च मलाही खुपतो. रविवारच्या सात पट्ट्या म्हणजे आत्याबाईंच्या कितीतरी दिवसांच्या. पण बोक्याची सुई थांबवल्याने कोणत्या माणसाच्या दंडात इन्सुलिन गेले असते, हे त्यांना सांगता येईना. नऊ वर्षे ज्याने आपली कोठी राखली त्याला आजारपणात दाराबाहेर ठेवावे, हा हिशेब मला तरी जमत नाही. ती मुलगी मात्र भेटली की आधी विचारते, "मॅडम, आज तळ किती?"

श्रावणात ती रात्र आली. संध्याकाळी सातचा आकडा २१४ होता, आदल्या रविवारचा तळ ११२. दोन एकके दिली, तो जेवला, सगळे नित्याप्रमाणे. रात्री दोनला आत्याबाईंनी हाक मारली. वीज नव्हती. कोठीच्या आडोशाला दाम्या उभा होता, पण झिंगल्यासारखा. मागचे पाय एकीकडे, मान दुसरीकडे, डोळे उघडे पण कुणाला न ओळखणारे. मी वाताचा झटका समजून पिशवी शोधायला वळले. आत्याबाई म्हणाल्या, "न्हाई बाई. हे माझ्यावानी झालंय. मला घाम सुटतो, हातपाय गळत्यात, तसं. साखर उतरली."

मोबाइलच्या उजेडात थेंब काढला. ४१.

अशा वेळी तोंडात पाणी ओतायचे नसते, ठसका लागून ते फुप्फुसात जाते. आत्याबाईंनी वाटीत साखर चार थेंब पाण्यात घोळली आणि मी तो घट्ट पाक बोटाने त्याच्या हिरड्यांवर चोळला. ज्याला आयुष्यात गोडी कळली नाही त्याच्या हिरड्यांवर साखर. पाच मिनिटांनी पुन्हा. पंधरा मिनिटांनी ५८. मग तो हळूच जीभ फिरवू लागला, आणि ह्यांनी पडवीतून कोंबडीचे पाणी आणले ते त्याने स्वतः चाटले. तीनला ९६. डॉक्टरांनी फोन उचलला होता. ते उजाडेपर्यंत दर तासाला आकडा विचारत राहिले. आत्याबाई तोवर देवघरात नव्हे, पडवीत, त्या शेगडीपाशी बसून होत्या. आठ महिन्यांत त्या उंबऱ्यापलीकडे त्यांनी पाऊल टाकले ते तेवढेच.

सकाळी डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं होतं खरं, पण बातमी वाईटच आहे असं नाही." मात्रा तीच, खाणे तेच, आणि तरी साखर कोसळली, याचा अर्थ बोक्याचे स्वतःचे स्वादुपिंड पुन्हा इन्सुलिन सोडू लागले असावे. बाहेरचे दोन अधिक घरचे, असा दुहेरी पुरवठा झाला होता. त्या सकाळची सुई रद्द. संध्याकाळपासून निम्म्यावर, एका एककावर. पंधरा दिवसांनी त्या एकावरही तळ ७८ आला, म्हणून अर्धे.

आज दाम्या अर्ध्या एककावर आहे. पिचकारीतली ती रेघ मला चष्म्याशिवाय दिसत नाही. पाण्याच्या एका थेंबाचेही ते लहानसे वाटे. त्याच्या टाचा पुन्हा जमिनीवरून उचलल्या गेल्या आहेत आणि परवा त्याने कोठीमागे एक उंदीर धरला. आत्याबाईंनी तो पाहून तोंड फिरवले, पण रागावल्या नाहीत. अर्धेही बंद करायचे का, हा आता प्रश्न आहे. ह्यांचे म्हणणे, सणाच्या आत सुई सुटली तर बरे. डॉक्टरांनी साफ नकार दिला. हा अंक वाचकांच्या हाती असेल तेव्हा औशात फटाके वाजत असतील. एक सुतळी बॉम्ब ऐकला की दाम्याची साखर शंभराने चढेल, आणि त्या आकड्याला काही अर्थ नसेल. या चार दिवसांच्या आकड्यांवरून वाढवायचे नाही, थांबवायचे नाही. फक्त साखर खाली तर जात नाही ना, एवढेच पाहायचे.

आत्याबाईंनी कोठीच्या खोलीच्या खिडकीला दोन गोधड्या टांगल्या आहेत आणि राखेचे घमेले आत हलवले आहे. लक्ष्मीपूजन संध्याकाळी असल्याने सातची सुई त्याच गर्दीत येईल. पुजेच्या तयारीत ती राहू नये म्हणून त्यांनी चौरंगाशेजारी नारिंगी फडक्याची एक चिंधी बांधून ठेवली आहे. मात्रा अर्धीच. बाकीचे पाडव्यानंतर बघू, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.